सामाईक कपाटाची आवराआवर
(आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना वेळेअभावी राहून गेलेला थोडा भाग लिहिताना घातला आहे.)



माझ्या आधी जे बोलले त्यांची कामं डोळ्यांना दिसणारी आहेत. कुणाची द्राक्षबाग आहे, कुणाचा दवाखाना आहे, कुणी पूल बांधलाय. माझं काम दिसत नाही, त्यामुळे संयोजकांनी मला एक अट घातली: ‘तू नक्की काय करतेस ते सांग, पण आम्हाला कळेल असं.’ ही अट आईनं मला वीस वर्षांपूर्वीच घातली होती. तिच्यावर केलेल्या सरावाचा आज उपयोग होईल अशी आशा आहे.

मी फाइल सिस्टिमच्या अवजारांवर काम करते. डिस्क म्हणजे क्रमांक घातलेल्या कोट्यवधी खणांची लांबच लांब रांग समजा. त्या खणांना लग्नाचे फोटो, पगारपत्रक, एक्स-रे यांतलं काही कळत नाही. कुठल्या फाइलचे तुकडे कुठल्या खणांत आहेत आणि कुठले खण रिकामे आहेत याचा हिशोब ठेवण्याची जी पद्धत, ती फाइल सिस्टिम. हा हिशोबही त्याच डिस्कवर, ठरलेल्या खणांत लिहिलेला असतो. तो रोज लिहितो ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात. आपल्या वर्गातले दोघे सैन्यात आहेत, तो कर्नल वेगळा.

पण कर्नलखेरीज आणखी काही प्रोग्रॅम त्या हिशोबाला हात लावतात. कोरी डिस्क आखून देणारा एक असतो. वीज गेल्यावर हिशोब जुळतो का ते तपासून दुरुस्त करणारा एक असतो. जागा वाढवणारा, नुसतं आत डोकावून सांगणारा, असे आणखी काही. यांना आम्ही अवजारं म्हणतो. लिनक्समध्ये एक्स्ट४ या फाइल सिस्टिमच्या अवजारांचा संच ई२एफएसप्रॉग्ज, एक्सएफएसचा एक्सएफएसप्रॉग्ज, बीटीआरएफएसचा बीटीआरएफएस-प्रॉग्ज. कर्नल आणि ही अवजारं वेगवेगळे लोक लिहितात, वेगवेगळ्या वेळी, पण वही एकच. म्हणून कुठल्या पानावर कुठल्या रकान्यात काय लिहायचं याबद्दल दोघांचं अगदी एकेका बाइटपर्यंत एकमत लागतं.

हे एकमत जिथे लिहून ठेवतात ती हेडर फाइल. सी भाषेतला मोठा प्रोग्रॅम शेकडो फाइलींत विभागलेला असतो. सगळ्यांना लागणाऱ्या व्याख्या एका हेडरमध्ये लिहायच्या आणि ज्याला हव्यात त्याने आपल्या फाइलीच्या डोक्यावर लिहायचं, ‘इन्क्लूड’. मग कंपायलर तो हेडर उचलून तिथे जसाच्या तसा चिकटवतो. चिकटवतो हा शब्द शब्दशः घ्या, पुढे त्याचं काम पडणार आहे.

एक उदाहरण देते. एक्स्ट२ ही फाइल सिस्टिम १९९३ची, म्हणजे आपण हाफ पँट आणि दोन वेण्यांत होतो तेव्हाची. तिच्या हिशोबाच्या पहिल्या पानाला सुपरब्लॉक म्हणतात. तो डिस्कच्या त्या भागाच्या सुरुवातीपासून १०२४ बाइट सोडून सुरू होतो, १०२४ बाइटचा असतो, आणि त्यात शून्यापासून मोजत ५६व्या बाइटवर ईएफ५३ ही खूण असते. पुढे एक्स्ट३ आली, एक्स्ट४ आली. बरीच वर्षं कितीतरी अँड्रॉइड फोनांत एक्स्ट४च होती. खूण तिथेच आहे. ती हलवता येणार नाही, कारण ती जगभरातल्या डिस्कांवर आधीच लिहिली गेली आहे.

दुसरं उदाहरण बीटीआरएफएसचं, माझं आवडतं. तिथे प्रत्येक नोंदीला एक किल्ली असते: आठ बाइटचा क्रमांक, एक बाइटचा प्रकार, आणि पुन्हा आठ बाइटचा एक आकडा. आठ, एक, आठ. गणिताच्या बाई समोर बसल्यात म्हणून जपून सांगते, १७. पण कंपायलरला विचाराल तर तो २४ म्हणतो! त्याला आठ बाइटचे आकडे आठाच्या पटीत येणाऱ्या जागी ठेवायचे असतात, म्हणून तो मधे सात बाइट मोकळे सोडतो. जुन्या ३२ बिटी इंटेल यंत्रावर तीन सोडतो आणि उत्तर येतं २०. डिस्कवर मात्र १७च हवेत. म्हणून त्या व्याख्येला ‘पॅक्ड’ असा एक शब्द जोडलेला आहे. मधे जागा सोडू नकोस, असा त्याचा अर्थ. हा शब्द एका प्रतीत आहे आणि दुसरीत गळलाय अशी कल्पना करा. दोन्ही प्रोग्रॅम बिनतक्रार चालू होतील, आणि दोघं एकच वही दोन तऱ्हांनी वाचतील.

आता एक घडलेली गोष्ट. मी पूर्वी ज्या कंपनीत होते तिची स्वतःची फाइल सिस्टिम होती. मी त्या गटात जाण्याच्या काही महिने आधी हे झालं. कर्नलचा भाग लिहिणारा गट एका मजल्यावर, अवजारं लिहिणारा दुसऱ्या मजल्यावर. डिस्कवरच्या आखणीचा हेडर दोघांकडे होता. म्हणजे मूळ एकच, पण प्रती दोन. सुपरब्लॉकमध्ये थोडी जागा ‘राखीव’ म्हणून ठेवलेली होती आणि नियम असा की राखीव जागेत शून्यच असलं पाहिजे. वरच्या मजल्याने त्यातले आठ बाइट वापरायला घेतले. रोजकीर्द, म्हणजे अजून खात्यात न चढवलेल्या ताज्या नोंदींची वही, डिस्कवर कुठे आहे तो पत्ता त्यांनी तिथे लिहिला. आपल्या प्रतीत तसा बदल केला. खालच्या मजल्यावरची प्रत होती तशीच राहिली.

एका ग्राहकाकडे वीज गेली. यंत्र पुन्हा सुरू झालं. तंत्रज्ञाने पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे आधी दुरुस्तीचं अवजार चालवलं. अवजाराला राखीव जागेत शून्य सोडून भलतंच काही दिसलं. नियमाप्रमाणे त्याने ते पुसून शून्य केलं आणि ‘दुरुस्त केले’ असं छापलं. मग कर्नल आला, रोजकीर्दीचा पत्ता बघतो तर शून्य, आणि त्याने डिस्क जोडायला नकार दिला. त्या संध्याकाळच्या ताज्या नोंदी फक्त रोजकीर्दीत होत्या. दोन रात्री माणसं बसून डिस्कचा खण नि खण चाळत होती, रोजकीर्दीच्या पहिल्या पानावरची खूण कुठे दिसते का म्हणून. दिसली. बऱ्याच नोंदी परत मिळाल्या, सगळ्या नाही.

यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. दोन्ही प्रोग्रॅम आपापल्या हेडरप्रमाणे अगदी बरोबर वागले होते. खरं तर अशा वेळेसाठी एक जुनी रीत आहे: आखणीत नवं काही आणलं की सुपरब्लॉकमध्ये एक झेंडा उभारायचा. ज्या अवजाराला तो झेंडा ओळखता येत नाही त्याने हात मागे घ्यायचा. एक्स्ट४चं तपासणीचं अवजार असा अनोळखी झेंडा दिसला की काम थांबवतं आणि माझी नवी आवृत्ती आणा असं सांगतं. मला त्या प्रोग्रॅमचा हा स्वभाव फार आवडतो. इथे मात्र आठच तर बाइट आहेत, त्यासाठी झेंडा कशाला, असं कुणीतरी ठरवलं होतं. चौकशीच्या अहवालात कारण लिहिलं गेलं, ‘दोन गटांतील समन्वयाचा अभाव’. असलं कारण लिहिलं की कुणाला काही करावं लागत नाही.

त्यानंतर अवजारांचं काम माझ्याकडे आलं आणि मी हेडरांची ती फाइलगठ्ठी उघडली. एकच फोल्डर. त्यात एक कॉमन नावाचा हेडर, आणि प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर तो. कागदावर छापला असता तर आपल्या बीजगणिताच्या पुस्तकाएवढा झाला असता. त्यात डिस्कची आखणी होती, कर्नलमधून उतरवून घेतलेले आकडे होते, आमच्याच प्रोग्रॅमच्या आतल्या याद्या होत्या, किलोबाइटचे मेगाबाइट करून छापणारी छोटी फंक्शनं होती. मधेच काही व्याख्या अशा, की त्या आमच्या कुठल्याच फाइलीला लागत नव्हत्या. कुणा तिसऱ्या गटाला लागत होत्या म्हणे. सगळं एका फळीवर. एखादी ओळ बदलायची तर ती बदलायचा मला अधिकार आहे की नाही, हे त्या ओळीकडे बघून कळायला काही मार्ग नव्हता.

इथे मला आपल्या शाळेच्या कार्यालयाची मदत झाली, हे मी खरंच सांगते. कार्यालयातल्या लोखंडी कपाटात काय काय असायचं? जनरल रजिस्टर असायचं. त्यातली जन्मतारीख एकदा लिहिली की लिहिली. खाडाखोड नाही, अगदी मुख्याध्यापकांनाही मनात आलं म्हणून बदलता येत नाही. दुसरं, शिक्षण खात्याची परिपत्रकं. ती शाळा लिहीत नाही, पाळते, आणि नवं आलं की जुनं रद्द. तिसरं, शिक्षकांच्या टाचणवह्या. त्या त्यांच्या त्यांच्या. आजचं टाचण उद्या बदललं तर कुणाचं बिघडत नाही. आणि चौथं, शाळा सोडल्याच्या दाखल्यांची स्थळप्रत. दाखला एकदा बाहेर गेला की त्यावर कुणाची नोकरी, कुणाचा पासपोर्ट उभा असतो. चारही कागदच. पण एका गठ्ठ्यात बांधले तर एखाद्या दिवशी कुणीतरी टाचण समजून रजिस्टरवर खोडरबर फिरवणार.

आमच्या गटात तेव्हा हेडर विषयाप्रमाणे लावावेत असा विचार चालू होता. डिरेक्टरीचं सगळं एकीकडे, जागावाटपाचं एकीकडे. दिसायला ते छान दिसतं. माझं म्हणणं होतं की विषय नंतर, आधी प्रत्येक व्याख्येला एकच प्रश्न विचारायचा: तुला बदलायचा अधिकार कुणाचा? उत्तराप्रमाणे चार फोल्डर.

पहिला फोल्डर जनरल रजिस्टरचा. डिस्कवर जे उतरतं तेवढंच त्यात. इथले नियम सगळ्यात कडक. ‘पूर्णांक’ एवढंच म्हणायचं नाही, किती बिटांचा ते लिहायचं, आणि बाइट कुठल्या क्रमाने तेही. (एक्सएफएस मोठं टोक आधी लिहितं, एक्स्ट४ आणि बीटीआरएफएस लहान टोक आधी. तिळगूळ आधी की हळदीकुंकू आधी असा हा वाद आहे. घराण्याची रीत एकदा पडली की पाळायची.) शिवाय प्रत्येक व्याख्येचा आकार कंपाइल होतानाच तपासायचा. किल्ली १७ बाइटची भरली नाही तर प्रोग्रॅम तयारच होऊ द्यायचा नाही. एक्सएफएसमध्ये अशा तपासण्यांची वेगळी फाइलच आहे, आणि ती वाचताना मला पाढे म्हणून घेणारे आपले सर आठवतात.

आणि या फोल्डरची प्रत एकच. कर्नलने आणि अवजारांनी मिळून. हे म्हणायला सोपं आहे. कर्नलच्या कोडला कर्नलचं घर लागतं: त्याचे शब्द, त्याची कुलपं, त्याची स्मृती मागण्याची पद्धत. ते उचलून साध्या प्रोग्रॅममध्ये ठेवलं तर पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं होतं. एक्सएफएसवाल्यांनी यावर काढलेला तोडगा मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. कर्नलमध्ये त्यांचा लिबएक्सएफएस नावाचा फोल्डर आहे आणि अवजारांत त्याच नावाचा तोच फोल्डर. कर्नलमध्ये झालेला बदल स्क्रिप्टने इकडे आणला जातो. बाजूला एक हेडर असतो जो त्या कोडला तू कर्नलमध्येच आहेस असं भासवतो. तिथल्या शब्दांना इथले साधे अर्थ देतो. बीटीआरएफएसच्या अवजारांतही असा भास उभा करणारा एक हेडर आहे आणि कर्नलकडून येणाऱ्या फाइलींसाठी ‘कर्नल-शेअर्ड’ असा वेगळा फोल्डर आहे. फोल्डरच्या नावातच मालकी लिहिली आहे, मला आणखी काय पाहिजे! तिथे सी-ट्री नावाचा एक अवाढव्य हेडर वर्षानुवर्षं होता, आमच्या कॉमनचा थोरला भाऊच. २०२२च्या अखेरीस कर्नलच्या बाजूने त्याची वाटणी सुरू झाली, आणि अवजारांकडे कोड आणणं सोपं व्हावं हेही त्यामागचं एक कारण होतं.

दुसरा फोल्डर परिपत्रकांचा, आणि सगळ्यात जास्त डोकेदुखी इथेच. कर्नल बाहेरच्या प्रोग्रॅमांना काही हेडर देतो. ते पूर्वी त्याच्या खासगी हेडरांतच मिसळलेले होते. डेव्हिड हॉवेल्स यांनी ते वेगळे काढले आणि डिसेंबर २०१२च्या लिनक्स ३.७ मध्ये त्यांना स्वतंत्र फोल्डर मिळाला. दुसरीकडून ग्लिब्सी नावाची सी भाषेची मूळ लायब्ररी आपले हेडर देते. आमचे प्रोग्रॅम या दोघांच्या मध्ये, दोन साहेबांच्या हाताखालच्या कारकुनासारखे.

मगाशी म्हटलं की हेडर जसाच्या तसा चिकटवला जातो. त्या हेडरने आणखी एखादा हेडर मागितला असेल तर तोही त्याच्यामागून येतो. म्हणजे तुम्ही एकाला जेवायला बोलावता आणि त्याच्याबरोबर पाच जण येतात. सवय झाली की त्या पाचांतल्या एकाकडून तुम्ही कामही करून घ्यायला लागता, त्याला कधीच बोलावलं नव्हतं हे विसरून. डिस्कला एक मोठा आणि एक धाकटा असे दोन क्रमांक असतात. ते वेगळे काढणारे मेजर आणि मायनर असे दोन मॅक्रो आहेत. फाइल सिस्टिमच्या अवजारांत ते सर्रास लागतात. बऱ्याच प्रोग्रॅमांना ते एका भलत्याच, प्रकारांची यादी देणाऱ्या हेडरमागून आपोआप मिळत होते. पण मेजर आणि मायनर ही नावं इतकी साधी आहेत की इतरांच्या व्हेरिएबलांशी त्यांची टक्कर व्हायची. म्हणून ग्लिब्सीने २०१७मध्ये २.२५ आवृत्तीत इशारा दिला आणि २०१८मध्ये २.२८ आवृत्तीत ही आपोआपची वाट बंद केली. ज्यांनी योग्य हेडर नाव घेऊन मागितला होता त्यांचं काहीच बिघडलं नाही. बाकीचे प्रोग्रॅम त्या दिवशी कंपाइल होईनात, आणि ज्या फाइलीला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता तीच मोडलेली.

ऑगस्ट २०२२मधला प्रकार याहून मजेदार. ग्लिब्सीच्या २.३६ आवृत्तीने डिस्क जोडण्याच्या नव्या पद्धतीच्या व्याख्या आपल्या माउंट हेडरमध्ये घातल्या. त्याच व्याख्या, त्याच नावांनी, कर्नलच्या माउंट हेडरमध्ये होत्याच. एका फाइलीत दोन्ही आले की कंपायलर म्हणतो, याची व्याख्या दोनदा झाली, मी पुढे जाणार नाही. आता दोन्ही मुद्दाम कोण मागेल? कुणीच नाही. पण डिस्कचा आकार विचारण्यासाठी कर्नलचा जो एफएस हेडर लागतो, तो आपल्यामागून कर्नलचा माउंट हेडर आणतो. म्हणजे आकार विचारणारं आणि डिस्क जोडणारं काम एकाच फाइलीत करणाऱ्या कुणाही निरपराध माणसाचा कोड मोडला. आणि फाइल सिस्टिमची अवजारं दुसरं करतात काय!

आमच्याकडे हे निस्तरायला जास्त वेळ लागला नाही, कारण तोवर नियम लागू झाला होता: बाहेरचे हे हेडर फक्त दुसऱ्या फोल्डरातल्या मोजक्या फाइलींनी मागायचे. बाकीच्यांनी आमच्या फंक्शनला विचारायचं, ‘या डिस्कचा आकार किती?’ परिपत्रक बदललं की एका टेबलावर बदलतं.

तिसऱ्या फोल्डरबद्दल फार सांगत नाही. टाचणवही आहे, आमची आम्ही बघतो. फक्त एक गोष्ट, कारण तिने मी पाहिलेले सगळ्यात छळवादी दोष निर्माण केले आहेत. ३२ बिटी यंत्रावर फाइलीतली जागा मोजायला मुळात ३२ बिटांचा आकडा वापरतात; तो २ जीबीपाशी संपतो. ६४ बिटांचा हवा असेल तर तसं सगळ्यात आधी, कुठलाही हेडर चिकटवण्यापूर्वी, जाहीर करावं लागतं. दहा फाइलींनी जाहीर केलं आणि अकरावीने विसरून नंतर केलं, तर अकरावी तीच व्याख्या वेगळ्या आकाराची समजते. सी भाषेचा लिंकर दोघांना बिनदिक्कत जोडून देतो. ही घोषणा मी हेडरांतून काढून थेट कंपाइल करण्याच्या हुकुमात टाकली. फाइलीच्या डोक्यावर कोण आधी, कोण नंतर, यावर इतकं महत्त्वाचं काही अवलंबून ठेवू नये.

चौथा, दाखल्यांचा. इथे मी सहकाऱ्यांना बीटीआरएफएसची कथा सांगत असे. त्यांच्या अवजारांबरोबर एक लायब्ररी मिळायची आणि तिच्यासोबत त्यांचे आतले हेडर, तो सी-ट्रीसुद्धा, लोकांच्या यंत्रांवर जाऊन बसायचे. स्नॅपर नावाचा प्रोग्रॅम ती लायब्ररी वापरू लागला. झालं! टाचणवहीचा दाखला झाला. घरातल्या घरात नाव बदलायचं तरी बाहेर कुणाचं तरी मोडणार. त्यांनी पुढे जुन्या लायब्ररीसाठी हेडरांच्या प्रती वेगळ्या काढून तिथेच थिजवल्या, आणि बाहेरच्यांसाठी नवी, मुद्दाम बेतलेली छोटी लायब्ररी दिली. प्रत नसावी असं मी पहिल्या फोल्डरबद्दल म्हटलं आणि इथे प्रतीचं कौतुक करते आहे, हे विसंगत वाटेल. पण दिलेल्या दाखल्याची स्थळप्रत थिजलेलीच हवी. आमच्या कॉमनमधल्या त्या अनाथ ओळी तिसऱ्या गटाच्या निघाल्या. त्यांना विचारून त्यांची गरज नऊ फंक्शनांत बसवली आणि तेवढाच हेडर बाहेर दिला.

हे काम मागायला गेले तेव्हा आमच्या व्यवस्थापकांनी विचारलं, यातून ग्राहकाला नवीन काय मिळणार? प्रश्न रास्त होता. पण त्याच बैठकीत कुणीतरी हसून म्हणालं, ‘आवराआवरच आहे, करू दे तिला.’ मैत्रिणींनो, तुम्हाला हा स्वर ओळखीचा असेल. घरात सण आटोपल्यावरचा पसारा जसा आपोआप कुणाच्या तरी वाट्याला येतो, तसा तो ऑफिसातही येतो, आणि बढतीच्या तक्त्यात त्याला रकाना नसतो. मी उत्तरादाखल त्या दोन रात्रींचा हिशोब मांडला: किती माणसं, किती तास, ग्राहकाच्या किती नोंदी गेल्या. तो तक्ता बघून मात्र तीन महिने मिळाले. माझ्यासोबत एक नवा मुलगा दिला, त्यालाही सुरुवातीला ही शिक्षाच वाटली होती.

काम करताना एक पथ्य पाळलं. ओळी हलवायच्या त्या दिवशी फक्त हलवायच्या, सुधारायच्या नाहीत. सुधारणा वेगळ्या दिवशी, वेगळ्या नोंदीत. नाहीतर पुढे दोष शोधणाऱ्याला हललं काय आणि बदललं काय हे कळत नाही. दुसरं, प्रत्येक हेडर एकटा कंपाइल झाला पाहिजे, आधी कुणीतरी दुसरा येऊन त्याची सोय करून ठेवेल या भरवशावर नाही. यावर मतभेद आहेत. रॉब पाइक यांच्यासारख्या थोर माणसाने १९८९मध्ये लिहून ठेवलंय की हेडरने हेडर मागूच नये. कॉमनसारख्या हेडरांनी पोळलेला कुणीही त्यांना मान डोलावेल. पण तो नियम पाळला तर कुणाच्या आधी कोण हवं हे वापरणाऱ्याला पाठ करावं लागतं, आणि मोठ्या गटात पाठांतर टिकत नाही. मी आपलं स्वावलंबी हेडरांच्या बाजूने मत दिलं.

या वेडात मी एकटी नाही, हेही सांगते. जानेवारी २०२२मध्ये इंगो मोलनार यांनी लिनक्स कर्नलचे हेडर वेगळे करण्यासाठी २,२००हून अधिक बदलांची मालिका मांडली. हेडरांचा गुंता सुटला तर कर्नल कंपाइल व्हायला खूप कमी वेळ लागेल, हे त्यांना दाखवायचं होतं. ती जशीच्या तशी घेतली गेली नाही, काही भाग पुढे गेला. इतकी मोठी आवराआवर एका झटक्यात कुणाच्याच घरात होत नाही. आम्हीही तीन महिन्यांत तीनच फोल्डर पूर्ण केले, चौथ्याला पुढचं वर्ष उजाडलं.

वरच्या आणि खालच्या मजल्याची डिस्क-आखणीची प्रत एक झाली त्या आठवड्यात आकारांच्या तपासणीने आणखी एक फरक पकडला. चार बाइटचा. अजून कुठल्याही ग्राहकापर्यंत पोहोचला नव्हता. सोबतचा तो मुलगा धावत माझ्या टेबलापाशी आला, आणि नंतरच्या सगळ्या तपासण्या त्याने न सांगता स्वतःच लिहिल्या.

मी ती कंपनी सोडली तेव्हा कॉमन हेडरमध्ये एकवीस ओळी शिल्लक होत्या. मालक सापडला नाही अशा. काढल्या तर काहीच मोडत नव्हतं, पण काढायला कुणी सही करेना. त्यांच्या वर मी एक टीप लिहून ठेवली आहे, कुणाकुणाला विचारलं आणि कधी. त्या अजून तिथेच आहेत असं परवा तोच मुलगा सांगत होता. आता तो त्या गटाचा प्रमुख आहे.